अकरा नावांची चिठ्ठी

आमच्या सरांनी शिट्टी टेबलावर ठेवली तेव्हा बाहेर धो-धो पाऊस चालू होता आणि मिलच्या टिनांवर असा काही आवाज होता, की ते काय म्हणाले हे निम्म्या लोकांना ऐकूच गेलं नाही. शिट्टीच्या बाजूला जाळीची पिशवी. तिच्यात तीन चेंडू, त्यातला एक उसवलेला. आणि एक लांबोडी हजेरीवही.

"पोरगा पुण्याले घेऊन चालला," सर म्हणाले. "आता तुमीच पाहा गा."

जुलै २०२५ ची गोष्ट. रोवणीचे दिवस. या दिवसांत तुमसरच्या आसपास माणूस शोधून सापडत नाही, सगळे बांध्यांत चिखलात उभे. तरी कमिटीचे नऊच्या नऊ जण हजर होते. मी या कमिटीचा सचिव. पोटासाठी राइस मिलमध्ये मुनीम आहे, आणि मिलचे सेठ आमचे अध्यक्ष असल्यामुळे बैठका मिलच्या ऑफिसातच होतात. क्लब म्हणजे फार काही समजू नका. भंडारा जिल्हा हा कबड्डीचा आणि टेनिस बॉल क्रिकेटचा. फुटबॉल पाहायचा तर कामठीला जावं, तिथं रब्बानी क्लबसारखी नावं आहेत, तिथली पोरं चालायला लागली की चेंडूला लाथ मारतात. आम्ही आपले बावीस-पंचवीस पोट्टे, एक उतरतं मैदान आणि हे एक सर. सतरा वर्षं.

सतरा वर्षांत नवा माणूस निवडायची पाळीच आली नव्हती. त्यामुळे निवडतात कसं, हे नऊ जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी धरून.

गंमत अशी, की त्याच महिन्यात देशाचा फुटबॉल महासंघही हेच करत होता. भारतीय संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ २ जुलैला परस्पर संमतीनं मोकळे झाले. आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्यांच्या आधीच्या इगोर स्टिमाक यांना करार संपायच्या दोन वर्षं आधी काढलं होतं, आणि त्या भांडणाची तडजोड चार लाख डॉलरला पडली होती. म्हणजे महासंघाचे हात पोळलेले. जाहिरात निघाली आणि १७० अर्ज आले. त्यात म्हणे पेप ग्वार्डिओला आणि चावी यांचेही! बातमी जगभर फिरली. मग महासंघाला खुलासा करावा लागला, की ते ईमेल खरे नव्हते. ही बातमी मी कमिटीला वाचून दाखवली तेव्हा आमचे खजिनदार पटकन म्हणाले, "आपल्या इथं जाहिरात द्याची नाही गा."

आमच्याकडे अर्ज तीन. एक, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तरुणपणी चांगले खेळलेले, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा बैल दचकावा. दोन, कामठीचा सत्ताविशीतला पोरगा, महासंघाचं डी लायसन्स घेतलेला, आठवड्यातून तीन दिवस रेल्वेनं तुमसर रोडला उतरायला तयार. तीन, आमचाच जुना गोलकीपर, जो आता शाळेची व्हॅन चालवतो आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांमध्ये मोकळा असतो.

सेठ माणूस कसा पारखतात हे मी रोज पाहतो, कारण धान ते तसंच पारखतात. गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची. लोखंडाची टोकदार नळी ती, अर्धी उघडी. बाहेर ओढली की खोबणीत मूठभर धान येतं. ते तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कटकन तुटला तर वाळलेला. दबला तर ओला. सरकारी खरेदीत ओलावा सतरा टक्क्यांपर्यंत चालतो, आणि आमच्या सेठचा दात मशीनच्या फार मागे नसतो. पण मिलमध्ये नवा आलेला पोऱ्याही आठ दिवसांत एक गोष्ट शिकतो: परखी वरच्या थप्पीत घालायची नसते. वरची पोती शेतकरी स्वतःच निवडून ठेवतो.

आणि माणूस निवडताना आमची कमिटी नेमकी वरच्याच थप्पीत परखी घालत होती. "कोनत्या टीमात खेलले? किती गोल मारले?" फॅक्टरीवाल्या काकांना तासभर हेच विचारलं. शिकवलं कोणाला, हे कोणी विचारलं नाही.

आता इथं थोडं थांबून 'मॅनेजर' या शब्दाचा घोळ सोडवतो. आमच्याकडे टीमचा मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या, बसचं भाडं आणि टीशर्टांचं गाठोडं सांभाळणारा. ब्रिटिश फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथं मॅनेजर म्हणजे परंपरेनं सर्वेसर्वा: सराव त्याचा, संघ त्याचा, डाव त्याचा, आणि कोणता खेळाडू घ्यायचा-विकायचा यातही त्याचा शब्द. युरोपात इतरत्र, आणि आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्येही, या कामाचे तुकडे होतात. 'हेड कोच' फक्त संघ पाहतो. मला हे माझ्या भाच्यानं समजावलं. तो ग्लासगोत शिकायला गेला तो तिथंच नोकरीला लागला. त्या गावाबद्दल तो एकच गोष्ट सांगतो: "मामा, इथं पहिल्या भेटीत नाव नाही विचारत. सेल्टिक का रेंजर्स, हे विचारतात."

फुटबॉलचा मॅनेजर ही चीज आली कुठून, हे शोधता शोधता मी स्कॉटलंडलाच जाऊन पोचलो, आणि तिथं मला चक्क आमची कमिटी भेटली. क्वीन्स पार्क हा तिथला सगळ्यात जुना क्लब, १८६७ चा. सुरुवातीच्या काळात अशा क्लबांत मॅनेजर नसायचाच. कमिटी बसायची, चर्चा व्हायची आणि अकरा नावं निघायची. तिथल्या राष्ट्रीय संघाचं तर १९५४ पर्यंत असंच चाललं. त्या वर्षी विश्वचषकासाठी पहिल्यांदा अँडी बीटी नावाचे मॅनेजर नेमले. बावीस खेळाडू नेता येत होते. वरच्या मंडळींनी स्वित्झर्लंडला नेले तेरा. ऑस्ट्रियाशी पहिला सामना १-० नं हरले आणि बीटींनी स्पर्धा चालू असतानाच राजीनामा दिला. पुढच्या सामन्यात उरुग्वेनं सात गोल मारले.

तेरा खेळाडू! हे वाचून मी रात्री एकटाच हसलो. आम्ही मोहाडीच्या स्पर्धेला दहाच पोरं घेऊन गेलो होतो ते वर्ष आठवलं. जीपमध्ये तेवढीच बसत होती, कारण पुढच्या सीटवर कमिटीचे दोघं होते.

तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कामठीचा पोरगा भेटायला आला. पँटच्या खाली चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. सेठनी चहा मागवला. आम्ही विचारलं ते त्यानं सांगितलं. मानधन काय घेणार, तर म्हणाला, पास आणि नाश्ता सुटला तरी बस. मग फाइल बंद करून म्हणाला, "सर, मले एकच विचारायचं होतं. मॅचच्या दिवशी टीमची चिठ्ठी कोन लिहिन?"

कोणी बोललं नाही. बाहेर हमाल थप्पी लावत होते, कट्टा पडल्याचा धप्प-धप्प आवाज तेवढा येत होता. चिठ्ठी कोण लिहितो हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सर तोंडी नावं सांगत, मी लिहीत असे, आणि लिहिता लिहिता एक-दोन नावं इकडची तिकडं होत. देणगीदाराचा पुतण्या, सरपंचांचा नातू. सर गप्प बसत. सतरा वर्षं टिकण्याचं ते एक कारण होतंच.

"कमिटी पाहते," सेठ म्हणाले.

पोरगा हो म्हणाला, चहा संपवला, सगळ्यांच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: जमणार नाही.

मला तो पोरगा उद्धट वाटला होता, खरं सांगतो. मग भाच्यानं फोनवर जॉक स्टीनची गोष्ट सांगितली. सेल्टिक क्लबचा पहिला मॅनेजर विली मेली, १८९७ पासून १९४० पर्यंत एका खुर्चीवर. त्रेचाळीस वर्षं! त्यांच्यानंतरच्या काळात मात्र क्लब घसरत गेला, कारण मॅनेजर कोणी असला तरी अध्यक्ष बॉब केली संघनिवडीत हात घालत. १९६५ साली केलींना मॅनेजर म्हणून जॉक स्टीन हवा होता. पण स्टीन प्रोटेस्टंट आणि क्लब आयरिश कॅथलिकांचा. तोवर असा मॅनेजर झाला नव्हता. म्हणून आधी त्याला क्लबमधल्याच शॉन फॅलनच्या हाताखाली यायला सांगितलं. नाही म्हणाला. मग दोघं मिळून चालवा म्हणाले. तेही नाही. संघ मी एकटाच निवडणार, ही त्याची अट. केली अखेर कबूल झाले. दोन वर्षांनी, २५ मे १९६७ रोजी, लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ नं हरवून सेल्टिकनं युरोपियन कप जिंकला. ब्रिटनमधला पहिला क्लब. आणि संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतले. तुमसरपासून मोजलं तर भंडारा, मोहाडी सगळं त्यात बसतं.

स्टीनच्या गोष्टीत लोक लिस्बनचा कप पाहतात. मला केली दिसतात. इतकी वर्षं हातात असलेली चिठ्ठी सोडून देणं हे सोपं काम नाही. मी ती लिहिलेली आहे, मला माहीत आहे.

इकडे १ ऑगस्टला दिल्लीचा निर्णय झाला होता. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीनं १७० मधून तीन नावं काढली: दोनदा भारताचे प्रशिक्षक राहिलेले स्टीफन कॉन्स्टन्टाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच, आणि आपले मुंबईचे खालिद जमील. नेमणूक जमील यांची झाली. गोव्याच्या सॅव्हियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस.

जमील यांच्याबद्दल मला आपुलकी आहे, कारण त्यांच्या कहाणीत खालच्या थप्पीतलं धान आहे. खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. दुखापतींनी खेळ लवकर संपला. २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. पैसा बेताचा, खेळाडू बेताचे. पण सात वर्षं त्यांनी तो क्लब आय-लीगमध्ये टिकवून धरला. २०१६ मध्ये क्लबानं त्यांना निरोप दिला. ते मिझोरामला ऐझॉल एफसीकडे गेले, जो क्लब आदल्या मोसमात खाली गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे परत आत आला होता. मुंबईचे काही खेळाडू बरोबर नेले, आपला जयेश राणे त्यातलाच. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल भारताचा विजेता ठरला, मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढे. त्याच मोसमात मुंबई एफसी तक्त्यात तळाला गेला. आणि बंदच पडला.

स्कॉटलंडमध्ये या कहाणीचा थोरला भाऊ आहे. सेंट मिरन नावाच्या छोट्या क्लबानं १९७८ मध्ये आपल्या मॅनेजरला काढलं. तो माणूस न्यायाधिकरणात गेला, तिथंही हरला. मग अ‍ॅबरडीनकडे गेला आणि १९८३ मध्ये रिआल माद्रिदला हरवून युरोपातला कप घेऊन आला. नाव अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. मँचेस्टर युनायटेड त्यानंतरची गोष्ट. त्यांना नोकरीवरून काढणारा जगात एकच क्लब आहे, आणि तो सेंट मिरन.

अजून एक धागा सांगायचा मोह आवरत नाही. जमशेदपूर एफसीला २०२२ मध्ये लीग शील्ड मिळवून देणारे ओवेन कॉइल हे स्कॉटलंडचे, पेझ्लीचे. ते जमशेदपूर सोडून गेले कुठं, तर त्याच जुन्या क्वीन्स पार्कमध्ये. वर्षभरात परत आले, चेन्नईला. आणि त्यांची जमशेदपूरची खुर्ची मधल्या दोघांनंतर ज्यांच्याकडे आली ते खालिद जमील. या मोठ्या क्लबांत बोलणी आता कमिटी करत नाही, एजंट करतात. पण खुर्च्या तेवढ्याच आहेत.

जमील यांची सुरुवात झकास झाली. काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर मात देऊन तिसरा नंबर पटकावला. सुनील छेत्रीला त्यांनी त्या स्पर्धेला घेतलं नव्हतं. म्हणजे चिठ्ठी त्यांच्या हातात होती. पण मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत, तिथं चिठ्ठीचं काय चालणार? मग ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिकडे बरोबरी, आणि १४ तारखेला मडगावात १-२ हार. आशियाई चषकाचं दार बंद. लगेच मोबाइलवर सुरू: काढा याला. अडीच महिने झाले होते.

अडीच महिने म्हणजे आमच्या भाषेत हलका धान निसवायलाही पुरत नाहीत.

पण ग्लासगोच्या रेंजर्सपुढे आपण बरेच सबुरीचे. मे २०२५ मध्ये अमेरिकन मालक आले, ५ जूनला त्यांनी रसेल मार्टिन यांना तीन वर्षांसाठी आणलं. क्लब ब्रूगनं चॅम्पियन्स लीगच्या दारातच दोन सामन्यांत मिळून ९-१ धुतलं. ५ ऑक्टोबरला फॉलकर्कशी बरोबरी झाली आणि मार्टिन यांना पोलिसांच्या गराड्यात मागच्या दारानं न्यावं लागलं. त्याच रात्री हकालपट्टी. १२३ दिवस, १७ सामने, पाच विजय. मग स्टीव्हन गेरार्डशी बोलणी, तो नको म्हणाला. केव्हिन मस्कटशी बोलणी, ती फिसकटली. डॅनी रोल यांनी आपलं नाव मागे घेतलं होतं, ते परत तयार झाले. ऐन दिवाळीत, २० तारखेला, नेमणूक. भाचा म्हणाला, "मामा, जावई शोधताना पण एवढी दारं फिरत नाहीत."

मी म्हटलं, आमच्याकडे तीनच दारं होती, एक बंद झालं.

फॅक्टरीवाले काका आणि व्हॅनवाला गोलकीपर उरले. कमिटीतल्या एका तरुण मेंबरनं लॅपटॉपवर तक्ता केला: अनुभव, वेळ, खर्च, प्रत्येकी दहापैकी गुण. नावं ठेवावीत असं नाही त्यात. एडिनबराच्या हार्ट्स क्लबात टोनी ब्लूम नावाच्या माणसानं त्याच वर्षी जवळपास एक कोटी पौंड घालून २९ टक्के हिस्सा घेतला, आणि तिथं खेळाडू त्याच्या कंपनीच्या आकडेमोडीवर निवडले जातात. आमच्या तक्त्यात मात्र गुण देणारे आम्हीच नऊ जण असल्यामुळे ज्याला त्याला हवा तो आकडा आला. शेवटी काका म्हणाले, गुडघे साथ देत नाहीत. व्हॅनवाला उरला म्हणून लागला. निवड अशीही होते.

मंडईचे दिवस आले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार नाहीतर नाटक, दिवसा कबड्डी, आणि अलीकडे कुठं कुठं फुटबॉल. पहिली मॅच दुपारी तीनला. मी मिलमधून थेट मैदानावर गेलो, खिशात चिठ्ठी तयार. सवयीनं लिहिलेली. सेठनी सकाळी एक नाव सांगितलं होतं, तेही तिच्यात होतं.

व्हॅनवाल्यानं चिठ्ठी वाचली, घडी केली आणि मला परत दिली. "पेन द्या ना भाऊ," म्हणाला. कागद त्याच्याकडे नव्हता. माझ्या खिशातून डोकावणारी काटापावती त्यानं ओढली, व्हॅनच्या बॉनेटवर उलटी ठेवली आणि उभ्या-उभ्या लिहायला लागला. मध्ये दोनदा थांबला, मैदानाकडे पाहिलं. अक्षर वाईट. सेठनी सांगितलेलं नाव अकरात नव्हतं. बाराव्या नंबरवर होतं. ती पावती मी पंचांना नेऊन दिली. नेताना पाय जड झाले होते, खोटं कशाला सांगू.

२-० नं हरलो. दुसरा गोल तर आमच्याच पोट्ट्याच्या पायाला लागून गेला.

दुसऱ्या दिवशी सेठ गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "कालची चिठ्ठी कोनं लिहिली?"

"कोचनं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात धानाची गाडी लागली होती. ते उठले, परखी घेतली आणि बाहेर जाता जाता म्हणाले, "मंग पावती कोनाची वापरली? अठ्ठ्याहत्तर कट्ट्यांचा हिशोब लागून नाही रायला."

पावती पंचांकडून परत आणली. आता ती फाइलमध्ये आहे. एका बाजूला ७८ कट्टे, दुसऱ्या बाजूला अकरा नावं, आणि खाली एक.